दुसऱ्या अंकाचे पैसे

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा दोनदा वाचला. पहिल्या अंकाची मुखपृष्ठकथा, मुलाखती, फोटो कोण काढणार, कागद किती जाड, सगळं लिहिलंयस. दुसऱ्या अंकाचे पैसे कुठून येणार, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. डब्लिनमध्ये संगीताचं स्वतंत्र मासिक काढायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते, म्हणून पत्र जरा लांबेल. इथे राहून मी ही मासिकं वाचत आलो आणि त्यांतली काही बंद पडताना पाहिली, एवढाच माझा अधिकार.

तू ‘हॉट प्रेस’ या डब्लिनच्या संगीत मासिकाचं उदाहरण देतोस. नायल स्टोक्सने ते जून 1977मध्ये सुरू केलं. पहिल्याच मुखपृष्ठावर आयरिश गिटारवादक रोरी गॅलाहर, कारण त्याच महिन्यात मॅक्रूम गावी त्याचा मोठा खुला कार्यक्रम होता. पण तेव्हाची परिस्थिती बघ. तरुणांचं संगीत दिवसभर वाजवणारं सरकारी रेडिओ केंद्र आयर्लंडमध्ये नव्हतं. आरटीई या सरकारी प्रसारण संस्थेचा रेडिओ टू आला 1979मध्ये. तोवर बिनपरवाना चालणारी चोरटी रेडिओ केंद्रं आणि लंडनहून येणारी साप्ताहिकं, एवढाच आधार. त्या साप्ताहिकांना डब्लिनमधल्या गल्लीतल्या बँडचं काय पडलं होतं? ती जागा रिकामी होती आणि ‘हॉट प्रेस’ने ती घेतली. त्यांचा बिल ग्रॅहम हा लेखक यू टू नावाच्या बँडमधल्या नवख्या पोरांसाठी पॉल मॅगिनसच्या मागे लागला, आणि 1978मध्ये मॅगिनस त्यांचा मॅनेजर झाला. समीक्षकाने असल्या उचापती कराव्यात का? पुस्तकी उत्तर ‘नाही’ असं आहे. मला विचारशील तर, एवढ्याशा शहरात हात झटकून नुसतं बघत बसणं कुणालाच जमत नाही. ज्याच्या अल्बमची सकाळी सालटी काढलीस, तोच ड्रमर संध्याकाळी बारमध्ये तुझ्या शेजारी उभा असतो. हे चालवून घ्यायची तयारी ठेव.

आणि ‘हॉट प्रेस’ आजही निघतं ते केवळ संगीताच्या जोरावर नाही. 1984मध्ये जॉन वॉटर्सने चार्ल्स हॉही या बड्या राजकारण्याची मुलाखत घेतली आणि त्याच्या तोंडच्या शिव्या जशाच्या तशा छापल्या. देशभर गाजली ती. राजकारण, लैंगिकता, चर्चची सत्ता, सगळ्यांत त्यांनी तोंड घातलं. ज्याला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, असाही माणूस अंक विकत घेऊ लागला. तुझ्या आराखड्यात असा वाचक मला दिसत नाही.

आता ज्याच्यासारखं मासिक तुला काढायचंय ते ‘फॉगी नोशन्स’. ते मला मनापासून आवडायचं, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहितो. त्याआधी आरटीईवर ‘नो डिस्को’ नावाचा कार्यक्रम होता. 1993मध्ये सुरू झाला, कॉर्कहून, तुटपुंज्या खर्चात. डोनल डिनीन रात्री उशिरा असले व्हिडिओ लावायचा की जे दुसरीकडे कुठे दिसायचे नाहीत. 2003मध्ये तो बंद झाला. त्याचा शेवटचा सूत्रसंचालक लीग्ज ओ’टूल. त्यानेच ‘फॉगी नोशन्स’ काढलं. पुन्हा तेच बघ: एक जागा रिकामी झाली आणि मासिक आलं. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या प्रसिद्धीपत्रकांकडे न बघता, लांबलचक, आवडीने लिहिलेले लेख. ते या शतकाच्या पहिल्या दशकातच थांबलं. नाव मात्र राहिलं, कारण त्या नावाने कार्यक्रम भरवणं चालू राहिलं. आज डब्लिनमधल्या नव्या पोरांना ‘फॉगी नोशन्स’ म्हणजे तिकीट काढून जायचा कार्यक्रम वाटतो. कधीकाळी हे मासिक होतं हे सांगावं लागतं. मला यात वाईट काही वाटत नाही. ज्या वाचकाने मासिकासाठी चार युरो काढताना दहादा विचार केला असता, तोच वीस युरोचं तिकीट आनंदाने काढतो.

‘स्टेट’ या संगीत मासिकाचं उदाहरण जास्त कठोर आहे. 2008मध्ये अनुभवी मंडळींनी ते छापील मासिक म्हणून बाजारात आणलं. त्याच सप्टेंबरअखेर सरकारला बँकांना हमी द्यावी लागली, देश मंदीत गेला. असं झालं की कंपन्या सगळ्यात आधी जाहिराती बंद करतात. वर्षभराच्या आत छापील अंक थांबला, ‘स्टेट’ वेबवर गेलं. डब्लिनमधल्या फेड स्ट्रीटवरचं रोड रेकॉर्ड्स हे रेकॉर्डचं लाडकं दुकान 2009च्या सुरुवातीला बंद व्हायला निघालं. गिऱ्हाइकांनी आणि कलाकारांनी मिळून वाचवलं, तरी 2010मध्ये गेलंच. असं दुकान गेलं की तुझा अंक चाळायला माणूस उभा राहणार कुठे?

मंदीवर सगळं खापर फोडू नकोस मात्र. सीडीला पंधरा-सोळा युरो मोजावे लागत तेव्हा परीक्षण वाचणं ही गरज होती, पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. गाणं फुकट ऐकता येऊ लागल्यावर ‘घ्यावी की नको’ हा प्रश्नच उरला नाही. तुझ्या आराखड्यातली चौदा पानं परीक्षणं त्या संपलेल्या प्रश्नाचं उत्तर देतायत. ती काढ. त्या जागी एका बँडचा एका दौऱ्याचा हिशोब छाप: व्हॅनचं भाडं, मानधन, टी-शर्टची विक्री. ते मी विकत घेऊन वाचेन.

आता धंद्याचं. वितरक अंक उचलतो ते परतीच्या बोलीवर. न खपलेले तुझ्याच गळ्यात, आणि खपलेल्यांचे पैसे हातात पडतात तोवर पुढचा अंक छपाईला गेलेला असतो. छापखाना नव्या माणसाला उधारी देत नाही. म्हणजे जास्त प्रती छापल्या की जास्त पैसा अडकला. जाहिरातींतही गोम आहे: इथे त्या देणारे म्हणजे बिअर कंपन्या, कार्यक्रमांचे आयोजक आणि रेकॉर्ड कंपन्या. त्यांतल्या आयोजकांवर आणि रेकॉर्ड कंपन्यांवर तर तुला लिहायचंच आहे. एकाच आयोजकाकडून निम्मं उत्पन्न येत असेल, तर त्याच्या महोत्सवातल्या चिखलाबद्दल तू काय लिहिणार? कुठल्याही एका जाहिरातदाराचा वाटा पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नकोस, भले अंक बारीक निघो.

मासिकाऐवजी वर्षाला तीनच अंक काढ, वर्गणी आगाऊ घे, आणि प्रत्येक अंकासोबत छोट्या जागेत एक कार्यक्रम भरव. दोन छापखान्यांकडून पाचशे आणि हजार प्रतींचे दर लेखी आण, वितरकाच्या अटीही. या महिन्यात जमलं तर बघ. नावाचं मग बघू. तू सुचवलेल्या चारपैकी तिसरं बरं आहे.

तुझा,
काका