दुसरी ते चौथीची मुलं पुस्तक चाळून ठेवून देतात, कोणती पुस्तकं द्यावीत?

वर्गात पुस्तकं आहेत, पण मुलं चित्रं बघून ती परत ठेवतात, असं तुम्ही विचारलंय. नावं सुचवतोच, पण आधी कपाटातलं एखादं पुस्तक उघडून पानावरची जोडाक्षरं बघा. दुसरीतलं मूल 'पाऊस', 'आजोबा' सरसर वाचतं आणि 'आश्चर्याने'पाशी गाडी अडते. अशा तीन-चार अडणी एका पानात आल्या की गोष्ट हातातून सुटते, मग चित्रंच उरतात.

तपासायची युक्ती सोपी आहे. मुलाला एक पान मोठ्याने वाचू द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मोडली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. दोन-तीन मोडली तर खुशाल हातात द्या. इयत्ता बघून पुस्तकं वाटू नका. चौथीतही दुसरीच्या पातळीवर वाचणारी मुलं असतात, आणि त्यांना 'लहान मुलांचं' पुस्तक चारचौघांत दिलं की ती हातही लावत नाहीत. सगळी एकत्र मांडा, निवडू द्या.

सुरुवात माधुरी पुरंदरे यांच्यापासून करा. 'बाबांच्या मिश्या'मधल्या अनूला बाबांच्या मिश्यांचं भारी वेड. विषय घरचा, भाषा बोलण्यातली, आणि चित्रांत मजकुरापेक्षा जास्त काही घडत असतं. वाचताना चित्राचं पान मुलांकडे धरून थांबा, लगेच पुढे जाऊ नका. नंतर प्रश्नोत्तरं नकोत. गल्लीतल्या कुणाच्याही मिश्यांचं चित्र काढून खाली एक ओळ लिहायला सांगा. न लिहिणारी मुलंही लिहितात.

कवितांसाठी विंदा करंदीकरांची 'राणीची बाग'. प्राण्यांच्या कविता आहेत, तालावर म्हणता येतात. पाठ झालेली कविता मूल पुस्तकात बोट ठेवून 'वाचतं', तेव्हा ते अर्धं आठवत असतं आणि अर्धं वाचत असतं. चालू द्या. अडखळणाऱ्याला याहून चांगला सराव नाही.

तिसरी-चौथीला राजीव तांबे यांचं 'प्रेमळ भूत' द्या, भूत म्हटलं की झुंबड उडतेच. सराईत वाचणाऱ्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. त्याची भाषा आजच्या मुलांना थोडी जुनी वाटते, म्हणून पहिलं प्रकरण तुम्ही वाचा आणि ऐन रंगात आल्यावर पुस्तक मिटा. पुढचं मुलं बघून घेतात. ज्यांना लांब गोष्ट झेपत नाही त्यांच्यासाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक. १९७१पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट मिळतात.

पैशांची अडचण असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा. मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, पहिली पातळी साधारण २५० शब्दांच्या आतली. डाउनलोड आणि छपाई दोन्ही मोफत आणि अधिकृत. ए-फोर कागदावर दोन-दोन पानं छापून मधोमध कापा, डावीकडे दोन पिना मारा आणि पिनांवरून रुंद चिकटपट्टी ओढा, नाहीतर आठवड्यात पानं सुटतात. गडद रंगांची चित्रं काळ्या-पांढऱ्या छपाईत नुसते डाग होतात, म्हणून आधी रेषांची चित्रं असलेली गोष्ट निवडा. मेळघाटासारख्या भागात असाल तर त्याच वेबसाइटवर कोरकू भाषेतल्या गोष्टीही शोधा.

टाळायचं म्हणजे दहा-वीस रुपयांची तात्पर्यवाली पातळ पुस्तकं. शेवटी बोध येणार हे मुलांना दुसऱ्याच गोष्टीला कळतं. पुस्तक वाचल्यावर सारांश लिहून घेणं हेही त्याच पंगतीतलं.

मांडणीचं थोडक्यात: तीसेक मुलांना चाळीस-पन्नास पुस्तकं पुरतात. कपाटात कण्याकडून रचलेली पातळ पुस्तकं दिसतच नाहीत. खिडकीखाली मुलांच्या हाताला येईल अशी दोरी बांधून चिमट्यांनी लावा, मुखपृष्ठ समोर. दर महिन्याला दहा-बारा बदला. फाटलेल्याची भरपाई मागू नका. भरपाईच्या धाकाने पुस्तक घरी न्यायला पालकच नाही म्हणतात.