सेकंडहँड गाडीवर सुरक्षा रिकॉल प्रलंबित आहे आणि आरसी अजून माझ्या नावावर झालेली नाही. काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन महिन्यांपूर्वी आपण पुण्यातील एका डीलरकडून २०१९ सालची पेट्रोल गाडी घेतली. आता कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकल्यावर तिच्यावर इंधन पंपाचा रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) प्रलंबित असल्याचे दिसते. आरसी अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे, सेवा केंद्रातील माणूस ‘मूळ मालकाला घेऊन या’ म्हणतो आणि डीलर फोन उचलत नाही. दुरुस्ती फुकट होईल का, तोवर गाडी चालवावी का आणि डीलरकडून काही वसूल करता येईल का, असे आपण विचारले आहे.

सगळ्यात महत्त्वाचे ते आधी सांगतो. रिकॉल गाडीच्या चेसिस क्रमांकावर नोंदलेला असतो, मालकाच्या नावावर नव्हे. त्या क्रमांकाची गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सेवा केंद्रात नेली, तर वॉरंटी संपलेली असो वा नसो, सुटा भाग आणि मजुरी दोन्हींचे पैसे द्यावे लागत नाहीत. त्यामुळे आरसी नावावर होईपर्यंत थांबण्याचे काही कारण नाही, आणि माझे आग्रहाचे सांगणे असे की आपण थांबूही नये.

हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. काही वर्षांपूर्वी मीही एका डीलरकडून वापरलेली गाडी घेतली होती. कागदपत्रे आरटीओत अडकलेली असतानाच आम्ही तिच्यातून चिपळूणला निघालो आणि कुंभार्ली घाटाच्या उतारावर, मागे मालाने भरलेला ट्रक असताना, इंजिन कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडले. आई मागच्या सीटवर होती. ट्रकचालकाने वेळीच अंतर राखले म्हणून पुढचे टळले. नंतर कळले की त्या गाडीच्या इंधन पंपासाठी कंपनीने रिकॉल जाहीर केलेला होता, पहिल्या मालकाला पत्र गेले होते, त्याने ते बाजूला ठेवून गाडी विकली आणि डीलरने तपासले नाही किंवा तपासूनही सांगितले नाही. म्हणून आपल्या तीन प्रश्नांपैकी ‘तोवर चालवावी का’ हा प्रश्न मी सर्वांत आधी घेतो.

इंधन पंपाचा दोष मालकाच्या लक्षात सहसा का येत नाही, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. पेट्रोलच्या टाकीतील पंपात इम्पेलर नावाचे प्लास्टिकचे छोटे चक्र असते. कमी घनतेच्या प्लास्टिकचे चक्र इंधन शोषून हळूहळू फुगते, आपल्याच आवरणाला घासू लागते आणि एके दिवशी अडकते. अडकेपर्यंत गाडी बहुधा ठणठणीत चालते. हा दोष एका कंपनीपुरता नव्हता. जून २०२० मध्ये होंडाने भारतात २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या इंधन पंपासाठी परत बोलावल्या आणि पुढच्याच महिन्यात मारुती सुझुकीने वॅगन आर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या इंधन पंपाच्याच कारणाने तपासणीसाठी बोलावल्या. माझी गाडी या दोन्हींतली नव्हती. ‘मला तर काहीच त्रास जाणवत नाही’ हा दिलासा अशा दोषांच्या बाबतीत टिकत नाही, एवढाच मुद्दा.

म्हणून पंप बदलेपर्यंत घाट, द्रुतगती मार्ग आणि रात्रीचा लांबचा प्रवास पूर्णपणे टाळा. शहरात नेणे अपरिहार्य असेल तर डाव्या मार्गिकेतून, बेताच्या वेगाने न्या. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलेच, तर काय होते हे आधीच माहीत असावे. स्टिअरिंग जड होऊ शकते, आणि ब्रेकला मदत करणारा निर्वात दाब एक-दोनदा पेडल दाबण्यापुरताच शिल्लक राहतो. त्यामुळे ब्रेक पुन्हा पुन्हा पंप केल्यासारखा दाबू नका. एकदाच, सलग आणि जोर लावून दाबा. धोक्याचे दिवे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि गाडी थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढू नका, कारण किल्ली काढल्यावर स्टिअरिंग कुलूपबंद होते. काही रिकॉलमध्ये कंपनी स्वतःच ‘दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नका’ असे स्पष्ट कळवते. आपल्या नोंदीत तसे वाक्य असेल, तर माझा वरचा सल्ला बाजूला ठेवून गाडी टोइंगने न्या आणि टोइंगची व्यवस्था करण्याची विनंती कंपनीला लेखी करा.

आता सेवा केंद्राविषयी. रिकॉलचे पत्र किंवा संदेश कंपनीच्या नोंदीत असलेल्या पत्त्यावर आणि मोबाइल क्रमांकावर जातो, आणि ती नोंद बहुतेक वेळा पहिल्या मालकाचीच असते. दुसऱ्या मालकाचे अस्तित्वच कंपनीला ठाऊक नसते. म्हणून ‘मूळ मालकाला आणा’ हे उत्तर बरेचदा अडवणुकीच्या हेतूने दिलेले नसते. समोरच्याच्या संगणकावर वेगळे नाव दिसते आणि जबाबदारी घ्यायला तो कचरतो. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. आरसीची प्रत, डीलरची विक्री पावती किंवा डिलिव्हरी नोट, आपले ओळखपत्र आणि रिकॉल दाखवणाऱ्या पानाची छापील प्रत घेऊन थेट वर्क्स मॅनेजरला भेटा. चार ओळींचा अर्ज द्या : ‘या चेसिस क्रमांकाची गाडी माझ्या ताब्यात आहे, तिच्यावर सुरक्षा रिकॉल प्रलंबित आहे, कृपया ग्राहक नोंदीत माझा क्रमांक घालून दुरुस्तीची तारीख द्यावी, नाकारायचे असल्यास कारण लेखी द्यावे.’ या शेवटच्या अर्ध्या वाक्यात मोठी ताकद आहे. माझ्या बाबतीत दोन चकरांमध्ये जे झाले नाही ते या अर्जानंतर दहा मिनिटांत झाले. तरीही अडले, तर त्याच कंपनीचे दुसरे अधिकृत केंद्र गाठा आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्या. नुसत्या फोनवर विसंबू नका. फोनची नोंद आपल्या हाती राहत नाही.

चेसिस क्रमांकाबाबत एक बारीक गोष्ट. तो सतरा अक्षरांचा असतो, आणि इंग्रजी वर्णमालेतील आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्यात कधीच वापरली जात नाहीत. आरसीवर ‘ओ’सारखे दिसणारे चिन्ह म्हणजे शून्यच, आणि ‘आय’सारखे दिसणारे म्हणजे एक हा आकडाच. आकडा चुकीचा टाकल्यामुळे रिकॉल नसल्याचा गैरसमज होऊ शकतो. म्हणून आरसी, विमा पॉलिसी आणि गाडीवर कोरलेला क्रमांक हे तिन्ही एकमेकांशी ताडून पाहा. वापरलेल्या गाडीत हे तिन्ही जुळत नसतील, तर प्रश्न रिकॉलपेक्षा फार गंभीर आहे, आणि तेव्हा आधी आरटीओकडे जा.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या, कारण तिचा उल्लेख अर्जात केला की समोरचा माणूस काळजीपूर्वक वाचतो. भारतात वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची स्वेच्छा रिकॉल संहिता जुलै २०१२ मध्ये आली आणि आजही बहुतेक रिकॉल कंपन्या स्वतःहून जाहीर करतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११० अ आले. चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरील इतरांना किंवा पर्यावरणाला धोका पोहोचवणारा दोष असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला त्या प्रकारची वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू आहेत आणि त्यांत दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वाहनमालकांना दोषाची तक्रार परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवरील रिकॉल विभागात नोंदवता येते. या कलमात पूर्ण किंमत परत देण्याचाही उल्लेख आहे, हे वाचून अनेकांना वाटते की रिकॉल निघाला म्हणजे पैसे परत मिळणार. तो उल्लेख सरकारी आदेशाने झालेल्या रिकॉलसाठी आहे, आणि तेथेही गाडी बदलून देणे किंवा दुरुस्त करून देणे हे पर्याय उत्पादकापुढे आहेतच. आपल्या गाडीसाठी वास्तवात जे मिळेल आणि जे पुरेसे आहे ते म्हणजे नवा पंप.

सात वर्षांच्या अटीमुळे कोणी असेही समजू नये की जुन्या गाडीचा रिकॉल आपोआप बाद होतो. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण मी ओळखीच्या प्रत्येक सेकंडहँड ग्राहकाला सांगतो. त्यांच्या इन्फ्लेटरमधील, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागातील, अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा सोसून बिघडते, आणि मग एअरबॅग उघडताना धातूचे आवरणच फुटून त्याचे तुकडे समोरच्याच्या चेहऱ्यावर आणि मानेवर येतात. म्हणजे हा दोष वयाबरोबर वाढत जातो. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या हवेत वाढलेली जुनी गाडी घेणाऱ्याने तर हे तपासल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये. ताकाताने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तरी ज्या गाड्यांत त्या एअरबॅग बसल्या होत्या त्यांचे उत्पादक पुढेही त्या बदलून देत राहिले.

डीलरकडून वसुलीच्या प्रश्नावर मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. दुरुस्ती विनामूल्य होणार असल्यामुळे पंपाच्या किमतीची नुकसानभरपाई मागण्यात अर्थ नाही. मात्र रिकॉल माहीत असून लपवला हे दाखवता आले, किंवा त्यापायी टोइंगचा खर्च, अपघात वा अन्य नुकसान झाले, तर मार्ग आहे. आधी डीलरला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि गाडीसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. गाडी डीलरऐवजी एखाद्या व्यक्तीकडून थेट घेतली असती, तर हा मार्ग जवळपास बंद असता, कारण स्वतःची एखादी गाडी विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही.

आरसीसाठी मात्र डीलरच्या मागे जरूर लागा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला अधिकृत परवाना घ्यावा लागतो आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९ सी मधून आरटीओला जावी लागते. आपल्या गाडीची अशी सूचना गेली होती का, हे लेखी विचारा. त्याबरोबर मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० ची स्थिती आरटीओतून स्वतः पाहून घ्या. विमाही याच आठवड्यात आपल्या नावावर करून घ्या. हस्तांतरणानंतर त्रयस्थाचा (थर्ड पार्टी) विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही, आणि घाटात गाडी बंद पडून मागून धडक बसली तर नेमके तेच लागते.

दुरुस्तीच्या दिवशी जॉब कार्डावर रिकॉलचा उल्लेख, चेसिस क्रमांक आणि बदललेल्या भागाचे नाव लिहून घ्या आणि शून्य रकमेचे का होईना, बिल मागून घ्या. ‘तपासले, ठीक आहे’ एवढाच शेरा असेल, तर पंप बदलला की फक्त पाहिला हे विचारा. काही रिकॉलमध्ये तपासणीत निर्दोष ठरलेला भाग बदलत नाहीत, आणि तसे असल्यास तेही कागदावर हवे. आठवडाभराने संकेतस्थळावर तोच चेसिस क्रमांक पुन्हा टाकून पाहा. माझ्या गाडीचा रिकॉल पंप बदलल्यानंतरही जवळपास महिनाभर प्रलंबितच दिसत होता, आणि जॉब कार्डाची प्रत ईमेलने पाठवल्यावरच कंपनीने ती नोंद बंद केली.