'अजब बंगला'मधलं अजब कोणतं?

प्रश्न असा आला आहे: "मी मूळची कोल्हापूरची. नोकरीमुळे नागपुरात आले. इथल्या सरकारी वस्तुसंग्रहालयाला सगळे 'अजब बंगला' म्हणतात. ऑटोवाल्याला 'संग्रहालय' सांगितलं तर कळलं नाही, 'अजब बंगला' म्हटल्याबरोबर कळलं. पण इमारतीत मला अजब काही दिसलं नाही आणि तिथे कुणी राहत असेल असंही वाटलं नाही. मग हे नाव कसं पडलं? आणि 'बंगला' हा शब्द आपण इंग्रजीतूनच घेतला ना?"

प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण या दोन शब्दांत अर्ध्या नागपूरचा नकाशा आहे.

आधी 'अजब'. आजच्या मराठी कानाला हे बंगल्याचं विशेषण वाटतं. लाल बंगला, जुना बंगला, तसा अजब बंगला. म्हणूनच ताई, तुम्ही इमारतीत अजबपणा शोधलात. या नावातला समास मात्र तसा नाही. तो 'डाकबंगला'सारखा आहे. डाकबंगला म्हणजे डाक नावाचा गुण असलेला बंगला नव्हे, तर डाकेच्या वाटेवरच्या मुक्कामाचा बंगला. तसाच अजब बंगला म्हणजे अजब वस्तूंचा बंगला. अजबपणा आत आहे, भिंतींत नाही.

'अजब' मूळचा अरबी. अर्थ नवल, आश्चर्य. त्याच कुळातला 'अजायब' म्हणजे नवलाच्या गोष्टी, हे अनेकवचन. फारसी-उर्दूमार्गे 'अजायबघर' आणि 'अजायबखाना' हे शब्द उत्तर हिंदुस्थानात संग्रहालयासाठी रूढ झाले. लाहोरचं संग्रहालय लोकांच्या तोंडी अजायबघरच. बंगाली माणसाने तोच विचार दुसऱ्या शब्दाने केला: 1814 साली सुरू झालेल्या कोलकात्याच्या संग्रहालयाला तिकडे 'जादुघर' म्हणतात. संग्रहालय ही कल्पनाच नवी होती. जे पैसे मोजून विकत घेता येत नाही, ज्याची पूजा करायची नाही, जे कुणाच्या घरचं नाही, असं काहीतरी फक्त बघायला मांडून ठेवलेलं घर. त्याला लोकांनी बघणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावरून नाव दिलं. आपला 'वस्तुसंग्रहालय' हा शब्द नेमका आहे, पण तो ठेवणाऱ्याच्या बाजूने बोलतो. 'अजब' पाहणाऱ्याच्या बाजूने बोलतो, आणि मला तो म्हणूनच जास्त आवडतो.

मराठीत 'अजायब'चं 'अजब' का झालं असावं? अरबी अनेकवचनं आपण बरीच घेतली, पण ती अनेकवचनं आहेत हे विसरून. 'अहवाल' हे 'हाल'चं अनेकवचन, 'उमराव' हे 'अमीर'चं, आणि आपण खुशाल 'एक अहवाल', 'एक उमराव' म्हणतो. 'अजायब'ला मात्र ती संधी मिळाली नाही, कारण 'अजब' आधीच घराघरात होता. ओळखीचा शब्द असताना जीभ अनोळखी रूपाकडे कशाला जाईल?

आता 'बंगला', आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

हा शब्द इंग्रजीतून आला नाही. इंग्रजीने तो आपल्याकडून नेला. बंगला म्हणजे बंगालचा, बंगाली तऱ्हेचा. बांबू आणि गवताचं, पावसाचं पाणी झरझर ओघळावं म्हणून वळणदार उतरत्या छपराचं, खोल वळचणीचं बंगालातलं साधं घर. सतराव्या शतकात हुगळीकाठच्या इंग्रज वखारवाल्यांनी अशा घरांना याच नावाने ओळखलं आणि पुढे त्याचं 'बंगलो' केलं. पण त्यांच्या शिवायही शब्द फिरतच होता. दिल्लीचा बंगला साहिब गुरुद्वारा आठवा. तिथे पूर्वी मिर्झाराजा जयसिंगाचा बंगला होता आणि 1664 साली गुरू हरकृष्ण तिथे उतरले होते, म्हणून ते नाव. अवधात नवाब सादत खानाने अयोध्येजवळ छप्पर घालून मुक्काम केला, त्या जागेला लोक 'बंगला'च म्हणायचे. तेच पुढचं फैजाबाद. म्हणजे नागपुरात इंग्रज रेसिडेंट (भोसल्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील) येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द आपल्या मुलखात नांदत होता. इंग्रजांनी त्याला नवं अंग दिलं: चहूबाजूंनी व्हरांडा (हा शब्द पोर्तुगीजांकडून), उंच छत, जाड भिंती, आणि मुख्य म्हणजे भोवती मोकळी जागा.

ती मोकळी जागा कळायला एकदा महाल भागातून साहेबांच्या वस्तीपर्यंत, म्हणजे सिव्हिल लाइन्सपर्यंत चालत जावं. सकाळी जावं, नागपूरचं ऊन आहे.

महाल हे जुनं शहर. 1702च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाहने बारा वाड्या एकत्र करून वसवलेलं, पुढे भोसल्यांनी वाढवलेलं. इथलं घर वाडा. वाडा रस्त्याला खेटून उभा राहतो. दार उघडलं की गल्ली. पण आत शिरलात की देवडी, ढेलज, मग चौक. सगळी मोकळी जागा पोटात. रस्त्याकडे पाठ, आभाळाकडे तोंड. बंगल्याचं नेमकं उलट. घर मधोमध, मोकळी जागा बाहेर, तिला घेरणारा हाता (कुंपणाचं आवार), आणि रस्ता लांब. वाड्यात अंगण घराच्या आत असतं, बंगल्यात घर अंगणाच्या आत.

सीताबर्डीची टेकडी या दोन नागपुरांच्या मधे उभी आहे. 1817च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची फौज तिथे इंग्रजांकडून हरली आणि शहराचं पारडं पश्चिमेला झुकलं. 1853त तिसरे रघुजी भोसले वारले, 1854त राज्य खालसा झालं, 1861त मध्य प्रांत होऊन नागपूर त्याची राजधानी झालं. कचेऱ्या, साहेबांची घरं, सगळं टेकडीपलीकडे. 1863 साली हे संग्रहालय तिकडेच निघालं. आणि दुसऱ्याच वर्षी, 1864त, महालातला भोसल्यांचा राजवाडा जळाला. काळ्या पाषाणाचा, लाकडी कोरीवकामाने मढलेला तो वाडा गेला, प्रवेशद्वार तेवढं उरलं. ही दोन सालं शेजारी ठेवून पाहिली की माझ्या पोटात कालवतं. एका वर्षी नवलाचं घर पश्चिमेला उभं राहिलं, पुढच्या वर्षी पूर्वेचं खरंखुरं नवल राख झालं.

आता कल्पना करा, महालातली माणसं टेकडीला वळसा घालून पहिल्यांदा संग्रहालय बघायला निघाली आहेत. पेंढा भरलेली जनावरं, शिलालेख, ताम्रपट, गोंडांच्या वस्तू, जुनी शस्त्रं. घरी येऊन सांगायचं तर काय म्हणायचं? आत जे होतं ते अजब. आणि इमारत? ती वाडा नव्हे, देऊळ नव्हे, शाळा नव्हे. टेकडीपलीकडे, झाडांत, हात्याच्या आत सुटी उभी असलेली कुठलीही इमारत त्यांच्या लेखी बंगला. तिथे कुणी राहतं का हा प्रश्नच नव्हता. उत्तरेतलं 'घर' किंवा 'खाना' नागपुरात 'बंगला' झालं ते यामुळे, असं माझं मत आहे. नाव ठेवणाऱ्याने पत्ताही त्यातच सांगून टाकला.

माझी आजी महालातली. ती 'संग्रहालय' हा शब्द वाचायची, पण बोलायची नाही. "पोरांना बंगल्यात नेऊन आण" म्हणाली की आम्हाला पुरे. कुठला बंगला हे कधी विचारावं लागलं नाही.

जाता जाता 'सिव्हिल लाइन्स'बद्दलही. 'लाइन्स' म्हणजे फौजेच्या राहुट्यांच्या, बराकींच्या रांगा. त्यावरून मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. आणि महालात काय आहे? चितारओळ. मूर्तिकारांची ओळ, गणपतीच्या दिवसांत जिथे पाय ठेवायला जागा नसते. लाइन आणि ओळ, एकच शब्द दोन भाषांत. पण चितारओळीत भिंतीला भिंत लागून आहे, आणि सिव्हिल लाइन्समध्ये एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत चालताना घाम येतो. शब्दाचा अर्थ तोच राहूनही त्यातलं अंतर किती बदलतं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सरकारी भाषेतून बंगला आता बाजूला पडतो आहे. पाट्यांवर विधान भवन, रवी भवन असं 'भवन' दिसतं. हिवाळी अधिवेशनात मात्र वर्तमानपत्रं 'रामगिरी बंगल्यावर बैठक' असंच छापतात, आणि उपनगरांत बिल्डर एकमेकांना चिकटलेल्या घरांना 'रो-बंगलो' म्हणून विकतात. ज्या घराला स्वतःचा हाता नाही ते बंगला कसं, हे महालातल्या कुठल्याही म्हातारीला विचारून बघा.

शेवटी लिहिण्याबद्दल, कारण हे नाव दोन प्रकारे लिहिता येतं. कागदोपत्री नाव 'मध्यवर्ती संग्रहालय'. लोकांचं नाव लिहिताना बहुतेक जण 'अजब बंगला' असं तोडून लिहितात. समास लक्षात घेतला तर 'अजबबंगला' असं जोडून लिहिणं जास्त बरोबर, 'डाकबंगला' लिहितो तसं. दोन 'ब' शेजारी आल्याने डोळ्याला खटकेल, पण उच्चारात नागपूरकर ते जोडूनच म्हणतो: अजब्बंगला. तुमच्या ऑटोवाल्याने कसं म्हटलं होतं, ते आठवून कळवाल का?