कोंबडी लंगडत असल्यास कॅल्शियमचे सिरप किती द्यावे?

आपण विचारले आहे की पुण्यात घरामागे पाळलेली, तपकिरी अंडी देणारी आपली संकरित कोंबडी लंगडू लागली आहे, तर तिला माणसांचे कॅल्शियमचे सिरप किती द्यावे. त्याच प्रश्नात आपण जाता जाता लिहिले आहे की "खाण्यात काही कमी नाही, लेअर फीडबरोबर बाजरी आणि तांदळाची कणीही भरपूर टाकतो". या एका वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसले आहे.

आमचे थोरले दीर पुरंदर तालुक्यात वाढलेले असल्याने कोंबड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात अखेरचा मानला जातो. वारज्यातल्या आमच्या घराच्या आवारात सगळीकडे फरशी आहे. तेथे ते रोज सकाळी ओंजळीने बाजरी टाकत, कोंबड्या साहजिकच तिच्यावर तुटून पडत, आणि लेअर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे भरड स्वरूपातले लेअर फीड, भांड्यात तसाच राही. मी हरकत घेतली की "गावाकडे कोणी कोंबडीला कॅल्शियम चारले होते?" हा त्यांचा प्रश्न ठरलेला असे. एके दिवशी आमची सर्वांत जास्त अंडी देणारी कोंबडी खुराड्यातून बाहेरच आली नाही. उचलून उभी केली की तिचे पाय फाकत आणि ती पुन्हा खाली बसे. आदल्या दिवशीचे तिचे अंडे कवचाविना, नुसत्या पापुद्र्यात होते. बोट टेकवले की त्याला खळगा पडे. छातीचे मधले हाड चाचपले, तर ते एका बाजूला वाकलेले लागले. "लकवा आहे, कापून टाका," असे दिरांनी सांगितले. पशुवैद्यांनी मात्र अंड्याकडे पाहूनच आधी खाद्याची चौकशी केली, कॅल्शियम व ड-3 जीवनसत्त्व सुरू केले, आणि दांडीवर चढू न देता तिला एकटीला भुशावर ठेवून फक्त लेअर मॅश व शिंपल्याची चुरी देण्यास सांगितले. आठवडाभरात ती चालू लागली. ती कोवळ्या उन्हामुळे बरी झाली, असे दीर आजही पाहुण्यांना सांगतात. ड-3 जीवनसत्त्वासाठी ऊन हवेच, पण उन्हातून कॅल्शियम मिळत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. अंड्याच्या एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते आणि लेअर फीडमध्ये 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असते, म्हणजे पोटात सुमारे 4 ग्रॅम जाते व त्यातले निम्म्याच्या आसपास अंगी लागते. यातले अर्धे खाणे बाजरीने भरले, तर बाजरीत कॅल्शियम नगण्य असल्याने उरलेली भर ती स्वतःच्या हाडांतून घालते. कवच मुख्यतः रात्री तयार होते, म्हणून शिंपल्याची जाडसर चुरी संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवावी. पीठ करून खाद्यात मिसळू नये.

राहिला गावाकडचा दाखला. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देई, मध्ये खुडूक बसून विश्रांती घेई, आणि दिवसभर उकिरडा उकरून किडे, पाला, खडे असे काहीबाही मिळवी. वर्षाला अडीचशेहून जास्त अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीला फरशीवर कोंडून केवळ बाजरी टाकणे म्हणजे गावाकडची पद्धत नव्हे. त्या पद्धतीतला सर्वांत स्वस्त भाग तेवढा आपण उचललेला असतो.

अर्थात प्रत्येक लंगडणे खाद्यामुळे नसते, हे सांगायला हवे. आधी पाय उलटा करून तळवा पाहावा. सूज आणि मधोमध काळी खपली असेल, तर तो जंतुसंसर्ग आहे आणि तेथे कॅल्शियमचा उपयोग नाही. तलंग वयाच्या, म्हणजे वयात येत असलेल्या तरुण पक्ष्याचा एक पाय पुढे व एक मागे ताणलेला असेल, तर मरेक्स या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. त्यावर उपचार नाही, लस पिल्लू एक दिवसाचे असतानाच द्यावी लागते. लहान पिल्लांची बोटे आत वळली असतील, तर बहुधा ब-2 जीवनसत्त्व कमी पडलेले असते. अंड्यावर न आलेल्या तलंगांना लेअर फीड घालू नये, जादा कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडते. एखादा पक्षी दगावलाच, तर पशुसंवर्धन खात्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागात चौकशी करावी.

सिरपची मात्रा मी सांगणार नाही. बाटलीगणिक त्याची तीव्रता बदलते, तेव्हा ती पशुवैद्यांनीच ठरवावी. बाजरी आणि कणी मात्र आजपासून बंद करावी, आणि कोंबडी पायांवर चालू लागल्यावरही दाणे एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त होऊ देऊ नयेत, मग घरातील ज्येष्ठांनी कितीही हरकत घेतली तरी.