साताऱ्यात नोकरी सांभाळून सुलेखनाचा छोटा व्यवसाय सुरू करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

मी सांगलीत हेच काम करते. माझं मत विचाराल तर सुविचारांच्या फ्रेमा विकायच्या मागे आत्ताच लागू नका. त्यांचं कौतुक खूप होतं, खरेदी फारशी होत नाही. त्यापेक्षा नावं लिहायची कामं घ्या. शाळांची बक्षीस समारंभाची प्रमाणपत्रं, पतसंस्थांचे सत्कार, निवृत्तीचं मानपत्र, दारावरची पाटी. माणसाला स्वतःचं नाव सुंदर लिहिलेलं हवं असतं आणि त्यासाठी तो आनंदाने पैसे देतो.

लग्नपत्रिकेचा अख्खा मजकूर हाताने लिहायचा आग्रह धरू नका. वधूवरांची नावं आणि वरचं 'श्री गणेशाय नमः' एवढंच काळ्या शाईत, छापायच्या मापापेक्षा मोठं लिहा, ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि प्रेसवाल्याला द्या. बाकीचा मजकूर तो फॉन्टमध्ये लावेल. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जेवढे प्रेसवाले भेटतील तेवढ्यांना नमुने देऊन या. पुढे कामं तेच पाठवतात.

हत्याराकडे मात्र नीट लक्ष द्या. देवनागरीसाठी लेखणीच्या टोकाचा तिरका काप रोमनच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या, उलट असतो. बाजारातली बरीचशी कटनिबं (सपाट कापलेल्या टोकाची निबं) रोमनसाठी कापलेली असतात. त्यांनी मराठी लिहिलं की जाड-बारीक भलत्याच जागी येतं आणि आपल्याला वाटतं, हातच वळत नाही. बोरू स्वतः तासायला शिका. स्वस्त पडतो, हवी ती रुंदी मिळते, आणि टोक झिजलं की पुन्हा तासता येतं. कागद शाई फुटू न देणारा हवा. प्रमाणपत्रं आधीच छापलेली असतील तर एक जादा प्रत मागून तिच्यावर शाई तपासा, कारण चकचकीत कागदावर ती वाळतच नाही.

प्रमाणपत्रांना नगावर दर सांगा, मानपत्राला मजकूर पाहून. अर्धी रक्कम आधी घ्या, ओळखीच्यांकडूनही. नावं फोनवर ऐकून कधीच लिहू नका, लेखी मागवा. 'दिपक' की 'दीपक' हे तो माणूस ठरवेल, शुद्धलेखनाचे नियम तिथे लावायचे नाहीत.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.