लेबल कंपनीचं, नोटीस दुकानदाराला

प्रश्न : साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं फ्रोझन मालाचं दुकान आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी नेलेल्या चिकन सलामीच्या नमुन्याचा अहवाल ‘मिथ्याछाप’ (दिशाभूल करणारं लेबल) असा आला आणि मला नोटीस मिळाली. पाकिटावर पुढे ठळक ‘नायट्रेट-विरहित’, मागे बारीक अक्षरांत ‘प्रिझर्व्हेटिव्ह (२५०)’. कंपनी म्हणते, नायट्रेट वेगळं, नायट्राइट वेगळं. डिस्ट्रिब्युटरनं हात वर केलेत. छपाई माझी नाही, मग दंड मला का?

उत्तर : आधी हे करा. विक्री थांबवा, पण उरलेली पाकिटं फेकू नका, परत पाठवू नका आणि कुणी कितीही सांगितलं तरी लेबलावर स्टिकर चिकटवू नका. माल फ्रीजरमध्ये वेगळा ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाचगणीच्या हॉटेलांना वगैरे माल दिला असेल तर त्यांनाही आजच कळवा.

कंपनीचं म्हणणं रसायनशास्त्रात खरं आहे : सोडियम नायट्राइट २५०, सोडियम नायट्रेट २५१. पण ‘नायट्रेट-विरहित’ वाचून आपल्या पोरांसाठी पाकीट उचलणारी आई दोन्ही टाळू पाहत असते. तिला फसवणारं लेबल कायद्यानं मिथ्याछापच, आणि मला हे फार गंभीर वाटतं. नायट्राइटला मात्र ठरलेल्या मर्यादेत परवानगी आहे. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू ते वाढू देत नाही, सलामीचा गुलाबी रंगही त्याचाच. अहवालात ‘असुरक्षित’ म्हटलेलं नाही, म्हणून तुरुंगाची भीती काढून टाका. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५२ खाली दंड होतो, जास्तीत जास्त ३ लाख रुपये.

दंड तुम्हाला का? याच कायद्याच्या कलम २७(३) नुसार मिथ्याछाप माल विकणाराही जबाबदार असतो. तुमचा आधार म्हणजे खरेदीचं बिल. कलम २६(४) नुसार पुरवठादाराचं बिल हीच मालाची लेखी हमी मानली जाते. त्यावर बॅच नंबर असेल तर उत्तमच. नसेल तर डिलिव्हरी चलन शोधा. सीलबंद पाकीट जसं आलं तसं विकलं, योग्य ती काळजी घेतली, हा कलम ८० मधला बचाव लेखी मांडा. कंपनी आणि डिस्ट्रिब्युटर यांनाही पक्षकार करा, अशी मागणी त्यातच करा. दंड ठरवताना चूक नकळत झाली का, हे कलम ४९ नुसार पाहावं लागतं.

अहवालाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. माझ्या मते इथे ते करू नका. दोष छपाईत आहे, फेरतपासणीनं लेबल बदलणार नाही. नोटिशीचं उत्तर मात्र मुदतीत द्या आणि कार्यालयाच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.