काड्या फुल, तरी आवाज तुटतो: राउटरची पॉवर वाढवायची की कमी करायची?

राउटरची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल सोडायची ताकद, आधीच 'हाय'वर आहे, आतल्या खोलीत मोबाइलवर काड्या फुल दिसतात, तरी व्हिडिओ कॉलवर समोरच्याला तुमचा आवाज तुटक येतो. म्हणून पॉवर आणखी वाढवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. वाढवू नका, उपयोग होणार नाही.

काड्या फक्त एवढंच सांगतात की राउटरचा सिग्नल मोबाइलपर्यंत पोचतोय. तुमचा आवाज मात्र उलट दिशेनं जातो. राउटर 20 डीबीएमवर (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक) म्हणजे 100 मिलिवॉटवर चालत असेल, तर मोबाइल बहुतेक वेळा 15 डीबीएमच्या आसपास, म्हणजे साधारण 30 मिलिवॉट. राउटरची सेटिंग बदलून मोबाइलची ताकद वाढत नाही. डाउनलोडचंही तेच, कारण आलेल्या डेटाची पोच मोबाइललाच परत द्यावी लागते.

आधी खात्री करा. आतल्या खोलीत दार लावून स्पीड टेस्ट घ्या, मग राउटरपासून दोन-तीन मीटरवर. जवळही अपलोड रडत असेल तर दोष बहुधा वायफायचा नाही, इंटरनेट लाइनचा आहे.

लाइन ठीक असेल तर राउटरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वायरलेस सेटिंगमध्ये 2.4 गिगाहर्ट्झ बँडची पॉवर 'मिडियम'वर आणा, 5 गिगाहर्ट्झची 'हाय'वरच राहू द्या. दोन्ही सारख्याच जोरात असले की भिंतीतून जास्त पोचणाऱ्या 2.4 लाच मोबाइल चिकटून बसतो, आणि सोसायटीत तोच बँड शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेला असतो. तिथे चॅनेल 1, 6 किंवा 11 आणि चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झच ठेवा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर 2.4 ला 14 डीबीएम, 5 ला 20 पासून सुरुवात करा. 3 डीबी कमी केलं की पॉवर निम्मी होते, पण पल्ला निम्मा होत नाही. पल्ला निम्मा व्हायला मोकळ्या जागेतही 6 डीबी कमी करावे लागतात. जास्त पॉवर मिळावी म्हणून राउटरच्या सेटिंगमधला देश बदलून दुसरा टाकू नका. आपल्याकडचे नियम मोडतील, आणि राउटरमधला ॲम्प्लिफायर ताणला की सिग्नल विकृत होऊन डेटाचे वेगवान रेट आधी कोसळतात.

मग वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपवर 5 गिगाहर्ट्झच्या सिग्नलचा आकडा बघा. कॉलसाठी -67 डीबीएम किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, हवा. -75 च्या खाली गेला तर राउटर टीव्हीमागून, लोखंडी कपाटाजवळून काढा आणि घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला लावा. तरी भागलं नाही तर आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (त्या केबलवरून वायफाय देणारी पेटी) बसवा. दोघांना वेगळे चॅनेल द्या आणि पॉवर 'मिडियम' ठेवा, नाहीतर खोली बदलली तरी मोबाइल पहिला सोडत नाही.